तेरा क्रेडिट आणि गणिताच्या चार पायऱ्या : एका असोसिएट पदवीचं प्रकरण

न्यू जर्सीतल्या एका काउंटी कॉलेजात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजात, वहिनींचे ४७ क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक, जमले होते. दोन वर्षांच्या असोसिएट पदवीला ६० लागतात. उरलेले तेरा, आणि त्या तेरांच्या तोंडाशी बसलेलं गणित, एवढ्यावर त्यांची पदवी तीन वर्षं अडून पडली होती. वहिनी म्हणजे माझ्या मित्राच्या पत्नी. त्यांचं नाव इथे देत नाही, कॉलेजचंही देत नाही. मी दुसऱ्या एका कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये गणित शिकवतो, म्हणून त्यांनी सगळे कागद माझ्यापुढे ठेवले. प्रकरण इतकं सविस्तर लिहितोय, कारण "स्वस्तात ऑनलाइन गणित कुठे होईल?" हा प्रश्न इथल्या चाळिशीतल्या मराठी माणसांकडून, विशेषतः बायकांकडून, मला सारखा येतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधीचा एक प्रश्न कुणी विचारत नाही: गणित नेमकं कशासाठी हवं आहे?

वहिनी डोंबिवलीच्या मराठी शाळेतल्या. मुंबई विद्यापीठातून एफ.वाय. आणि एस.वाय. बी.कॉम. झालं, मग लग्न, मग नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-फोर व्हिसावर अमेरिका. मुलं लहान असताना शिक्षण मागे पडलं. ग्रीन कार्ड आल्यावर त्या एका औषधाच्या दुकानात फार्मसी टेक्निशियन म्हणून लागल्या आणि संध्याकाळी एकेक विषय घेत बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनमधला 'असोसिएट इन सायन्स', म्हणजे एएस, करू लागल्या. पुढे अकाउंटिंगमध्ये बॅचलर्स करायचं, हे त्यांचं पक्कं होतं. घरात दोन मुलं, नवऱ्याची गोदामातली सुपरवायझरची नोकरी, आणि शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी.

त्या आल्या तेव्हा बेत ठरवूनच आल्या होत्या. सोफिया या ऑनलाइन संस्थेचं सदस्यत्व घ्यायचं, महिन्याला ९९ डॉलर. त्यात कॉलेज अल्जिब्रा आहे, स्टॅटिस्टिक्स आहे, आपल्या वेळेत करता येतं. "भाऊजी, दोन महिन्यांत सगळं गणित उरकते. दोनशे डॉलरमध्ये सुटका." मी म्हटलं, "वहिनी, कार्ड आत ठेवा. आधी डिग्री ऑडिट काढा."

ऑडिट काय सांगत होतं

डिग्री ऑडिट म्हणजे कॉलेजच्या पोर्टलवर मिळणारा तक्ता: कुठली अट पुरी झाली, कुठली राहिली, आणि राहिलेल्या अटीत नेमका कुठल्या क्रमांकाचा कोर्स बसतो. वहिनींनी तो कधी शेवटपर्यंत वाचलाच नव्हता. दर सत्राला सल्लागार सांगेल तो विषय त्या घेत आल्या होत्या. तक्त्यात चार ओळी बाकी होत्या: स्टॅटिस्टिक्स ३ क्रेडिट, बिझनेस कॅल्क्युलस ४, बिझनेस लॉ ३ आणि साहित्याचा एक विषय ३. बेरीज तेरा.

यात कॉलेज अल्जिब्रा कुठेच नाही. वहिनी जो विषय विकत घ्यायला निघाल्या होत्या, तो त्यांच्या पदवीत मोजलाच जाणार नव्हता. ऐच्छिक विषयांची जागाही आधीच भरलेली होती. तरीही अल्जिब्रा टाळता येत नव्हतं, कारण कॅल्क्युलसला बसायची ती पूर्वअट होती. आणि कॉलेज अल्जिब्राला बसायचं तर इंटरमीजिएट अल्जिब्रा, कारण कुठल्या वर्गापासून सुरुवात करायची हे ठरवणाऱ्या प्लेसमेंट परीक्षेत त्या तिथे अडकल्या होत्या. हा इंटरमीजिएटचा विषय म्हणजे पूर्वतयारीचा वर्ग: फी पूर्ण चार क्रेडिटची, पदवीत मोजणी शून्य.

म्हणजे गणिताच्या पायऱ्या चार, आणि पदवीला उपयोगी त्यातल्या दोनच. फी आणि इतर शुल्क धरून त्यांच्या कॉलेजात एका क्रेडिटला सुमारे २०० डॉलर पडत. नुसत्या चढायच्या दोन पायऱ्यांचे आठ क्रेडिट, म्हणजे १,६०० डॉलर, वर ऑनलाइन पुस्तकं उघडायचे विकतचे ॲक्सेस कोड, आणि एकेक विषय घेतला तर पूर्ण एक वर्ष. मोजल्या जाणाऱ्या तेरा क्रेडिटचे २,६०० वेगळे. तीन वर्षं त्या का थांबल्या, हे या आकड्यांवरून कळलं. त्यांना गणिताची भीती नव्हती. समोरचा रस्ता इतका लांब दिसत होता की पाऊलच उचलवत नव्हतं.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांतून किती प्रौढ माणसं याच जागी गळतात, ते मी सेंटरमध्ये बसून बघतो. पूर्वतयारीच्या वर्गात नापास होऊन गेलेले थोडे असतात. पास होऊनही पुढच्या सत्रात परत न आलेले जास्त. प्रत्येक जादा पायरीवर कुणाची शिफ्ट बदलते, कुणाचं मूल आजारी पडतं. म्हणून पायरी गाळणं हे पैसे वाचवण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त मोलाचं आहे.

क्रेडिट कोण मानणार?

सोफिया, स्टडी डॉट कॉम, स्ट्रेटरलाइन या संस्था स्वतः कॉलेज नाहीत. त्यांच्या कोर्सना 'अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन', म्हणजे एसीई, क्रेडिटची शिफारस देते. शिफारस म्हणजे मान्यता नव्हे. ती मानायची की नाही, मानली तर कुठल्या विषयाच्या बदल्यात, हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. काही कॉलेजं अशा क्रेडिटचं उघडपणे स्वागत करतात. ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी किंवा कनेक्टिकटचं चार्टर ओक स्टेट कॉलेज ही मुळात प्रौढांसाठीच उभी राहिली आहेत. ज्यांचे क्रेडिट चार ठिकाणी विखुरलेत आणि कुठेच पदवी जवळ नाही, त्यांनी अशा कॉलेजांकडे जरूर बघावं, आणि तिथे सोफियाचे ९९ डॉलर खरोखरच सोन्याचे ठरू शकतात. वहिनींचे ४७ क्रेडिट मात्र एकाच कॉलेजात होते. ते उचलून दुसरीकडे नेण्यात अर्थ नव्हता.

शिवाय त्यांच्यापुढे दारं दोन होती: आजचं काउंटी कॉलेज, आणि उद्याचं चार वर्षांचं विद्यापीठ. हे दुसरं दार फार लोक विसरतात. काउंटी कॉलेजने एखाद्या परीक्षेचं किंवा बाहेरच्या कोर्सचं क्रेडिट मानलं, तरी विद्यापीठ अकाउंटिंगच्या प्रवेशासाठी तो विषय पुन्हा तपासू शकतं. बिझनेस स्कूलं स्टॅटिस्टिक्स आणि कॅल्क्युलसला ग्रेड मागतात, आणि बाहेरून आणलेल्या क्रेडिटला ग्रेड नसते. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रकावर, नुसतं 'ट्रान्सफर' असं उमटतं आणि जीपीएला, म्हणजे सरासरी ग्रेडला, त्याचा काडीचा उपयोग नसतो.

इथून योजना आपोआप दिसू लागली. जे विषय वहिनींना पुढे सोबत न्यायचे आहेत, स्टॅटिस्टिक्स आणि कॅल्क्युलस, ते स्वतःच्या कॉलेजात, ग्रेडसकट करायचे. ज्या पायऱ्या फक्त ओलांडायच्या आहेत, त्या जितक्या स्वस्तात आणि लवकर ओलांडता येतील तितक्या ओलांडायच्या. बहुतेक लोक याच्या नेमकं उलट करतात. पुढे लागणारा महत्त्वाचा विषय बाहेरून स्वस्तात करतात आणि पूर्वतयारीच्या वर्गाला कॉलेजची पूर्ण फी भरतात.

हे सगळं आम्ही गृहीत धरून चाललो नाही. वहिनींनी रजिस्ट्रारला ईमेल केली: कॉलेज अल्जिब्राची सीएलईपी (वर्गाला न बसता क्रेडिट मिळवून देणारी) परीक्षा कॅल्क्युलसच्या पूर्वअटीला चालते का, किती गुण लागतात, प्लेसमेंट पुन्हा देता येते का. उत्तर लेखी आलं. गणित विभागाच्या प्रमुखांनाही तोच प्रश्न लेखीच विचारला, कारण पूर्वअटीचं कुलूप कोर्स नोंदणीच्या वेळी शेवटी विभागच काढतो. सल्लागाराच्या टेबलावर तोंडी मिळालेलं "हो, चालेल" पुढच्या सत्रात कुणाला आठवत नाही. वहिनींच्या आधीच्या तीन वर्षांत तसं एकदा झालंही होतं.

पहिली पायरी : प्लेसमेंट

न्यू जर्सीत प्लेसमेंटला बहुधा ॲक्युप्लेसर ही कॉलेज बोर्डची परीक्षा असते. प्रत्येक भागात २० प्रश्न, वेळेचं बंधन नाही, गुण २०० ते ३००. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. वहिनी पहिल्यांदा शिफ्ट संपवून, दमलेल्या डोक्याने, तयारीशिवाय बसल्या होत्या. वेळेची मर्यादा नसताना त्यांनी पाऊण तासात परीक्षा उरकली होती, कारण घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. त्या पाऊण तासाची किंमत एक पूर्ण सत्र आणि आठशे डॉलर! तिथे कुणीही त्यांना हे आधी सांगितलं नव्हतं, आणि मला याचा खरंच राग येतो. प्लेसमेंटची तयारी करता येते, सरावाचे प्रश्न कॉलेज बोर्डच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, पुन्हा बसता येतं, या तीन गोष्टी प्रवेशाच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात कागदावर द्यायला हव्यात.

तयारीत एक चित्र स्पष्ट दिसलं, आणि ते महाराष्ट्रात शिकलेल्या बऱ्याच जणांना लागू पडेल. हातानं करायची आकडेमोड, अवयव पाडणं, वर्गसमीकरण, घातांक, हे वहिनींच्या बोटांत होतं. वीस वर्षांचा गंज दोन आठवड्यांत निघाला. कमकुवत बाजू होती फलनं (फंक्शन) आणि आलेख. आपल्याकडे एसएससीला कॅल्क्युलेटर नसतो, आलेखही कागदावर दोन-चारच काढतो. इथे समीकरण दिसलं की त्याचा आलेख डोळ्यांपुढे यायला हवा: कुठे वळतो, कुठे अक्षाला छेदतो, दोन एकक उजवीकडे सरकवला तर समीकरण कसं बदलेल. यासाठी डेस्मॉस हे आलेख काढायचं फुकट साधन पुरेसं झालं. वहिनी रात्री फोनवर सहगुणक बदलत बसायच्या आणि वक्र कसा हलतो ते बघायच्या. वाचनासाठी राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं 'कॉलेज अल्जिब्रा', तेही फुकट, आणि अडलेल्या ठिकाणी खान अकॅडमी. पैसे देऊन काहीही घेतलं नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी प्लेसमेंट पुन्हा दिली, सुट्टीच्या दिवशी सकाळी. इंटरमीजिएट अल्जिब्रा सुटलं. स्टॅटिस्टिक्सला थेट बसायची परवानगी त्याच गुणांवर मिळाली. गुण आणखी वर गेले असते तर कॅल्क्युलसचं दारही उघडलं असतं, पण तिथपर्यंत पोचले नाहीत. ती पायरी राहिली.

दुसरी पायरी : अल्जिब्रा

इथे पर्याय खरोखर बरेच होते. सोफियाचा कोर्स स्वस्त आणि सोपा पडला असता, पण रजिस्ट्रारच्या उत्तरात एसीईच्या शिफारशीवर आलेलं गणित पूर्वअटीला चालणार नाही, असं स्पष्ट होतं. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा 'युनिव्हर्सल लर्नर' हा पर्याय मला मनापासून आवडतो. नोंदणीला २५ डॉलर, कोर्स पूर्ण करायचा, ग्रेड बघायची, पसंत पडली तरच ४०० डॉलर भरून ती विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर घ्यायची. नाही पसंत पडली तर कुठे नोंदच नाही. ज्यांना अल्जिब्राचं क्रेडिट पदवीत हवं आहे आणि वाईट ग्रेडची नोंद राहायची धास्ती आहे, त्यांनी हा मार्ग आधी तपासावा. वहिनींना ते क्रेडिट मोजून मिळणारच नव्हतं, तेव्हा सव्वाचारशे डॉलर कशाला?

उरली सीएलईपी. कॉलेज बोर्डची ही परीक्षा दीड तासाची, कॉलेज अल्जिब्रात सुमारे ६० प्रश्न, गुण २० ते ८०, आणि एसीईच्या शिफारशीनुसार ५० ला उत्तीर्ण. वहिनींचं कॉलेजही ५० च मागत होतं. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आतच आहे, पण तीही वाचते. 'मॉडर्न स्टेट्स' ही ना-नफा संस्था तिच्या संकेतस्थळावरचा मोफत कोर्स पूर्ण करणाऱ्याला परीक्षा फीचं व्हाउचर देते. कोर्स पूर्ण करायला प्रश्नमंजूषा सोडवाव्या लागतात, आणि त्यात तयारीही होते. परीक्षा केंद्राचं थोडं शुल्क वहिनींनी भरलं.

या परीक्षेत ३० टक्के भार फलनं आणि त्यांच्या गुणधर्मांवर असतो, बीजगणिती क्रियांना आणि समीकरण-असमीकरणांना प्रत्येकी २५, आणि संख्याप्रणालीला २०. म्हणजे वहिनींची कमकुवत बाजू सगळ्यात वजनदार निघाली. मे महिना पूर्णपणे फलनांना दिला: व्यस्त फलन, संयुक्त फलन, घातांकी आणि लॉगॅरिदमिक फलन. लॉगॅरिदमने त्रास दिला. त्यांना लॉग टेबल वापरणं आठवत होतं, लॉगॅरिदम स्वतः काय आहे हे कधी कळलंच नव्हतं. तेवढ्यावर आम्ही अनेक संध्याकाळी घालवल्या, आणि त्याचा फायदा पुढे कॅल्क्युलसमध्ये पुरेपूर मिळाला.

तारीख जूनची घेतली, आणि ती विचारपूर्वक. सीएलईपीत नापास झालं तर तीच परीक्षा पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं. जूनमध्ये हुकलं असतं तरी सप्टेंबरमध्ये दुसरी संधी होती, आणि जानेवारीच्या सत्राची नोंदणी नोव्हेंबरमध्ये. ऑगस्टची तारीख घेतली असती तर एका नापासाने जानेवारीचं सत्रही हातातून जाऊ शकलं असतं. वहिनींना जूनमध्येच ५७ मिळाले. परीक्षेच्या वेळी निकाल कुठल्या कॉलेजला पाठवायचा ते तिथल्या तिथे निवडलं की वेगळे पैसे पडत नाहीत. नंतर पाठवायचं म्हटलं तर शुल्क लागतं.

पायरी गाळणं आणि शिकणं गाळणं यांत फरक आहे, आणि तो मी वहिनींना सुरुवातीलाच सांगितला होता. नुसते ५० गुण कसेबसे काढून कॅल्क्युलसला बसलेली मुलं सेंटरमध्ये माझ्याकडे ऑक्टोबरात रडवेली होऊन येतात. सीएलईपीने वर्ग वाचतो, अल्जिब्रा वाचत नाही.

ग्रँट आणि सहा क्रेडिट

आता पैशांची खरी गोष्ट. वहिनींनी फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, कधी भरलाच नव्हता. "ते तर अठरा वर्षांच्या मुलांसाठी असतं ना?" असं त्यांना वाटत होतं. फाफ्साला वयाची अट नाही. ग्रीन कार्ड असलेली व्यक्ती पात्र आहे. अर्ज दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो, आणि त्या वर्षी दोघांचं मिळून उत्पन्न ६५,००० डॉलरच्या खाली होतं.

न्यू जर्सीत 'कम्युनिटी कॉलेज ऑपॉर्च्युनिटी ग्रँट' आहे. समायोजित उत्पन्न ६५,००० पर्यंत असेल आणि आधीची पदवी नसेल, तर काउंटी कॉलेजची शिकवणी फी आणि मंजूर शुल्क, इतर अनुदानं वजा जाऊन जे उरतं ते, राज्य भरतं. मुंबईचं बी.कॉम. अपुरं राहिलं होतं, त्यामुळे आधीच्या पदवीची अडचण नव्हती. अट एकच महत्त्वाची: सत्राला किमान सहा क्रेडिट.

वहिनी सत्राला एकच विषय घेत आल्या होत्या, म्हणजे तीन किंवा चार क्रेडिट, आणि तेही स्वतःच्या पैशानं. मला हे कळलं तेव्हा मन खरंच विषण्ण झालं. जास्तीचा एक विषय घेतला असता तर फीचा भार राज्याने उचलला असता. बचत करायची म्हणून कमी शिकायचं, आणि कमी शिकतो म्हणून पूर्ण फी भरायची, असं हे चक्र होतं. बाहेरचा ९९ डॉलरचा कोर्स इथे स्वस्त उरतच नाही. तो घेतल्यामुळे कॉलेजातले क्रेडिट सहाच्या खाली गेले, तर ग्रँट हातातून जाते.

म्हणून जोड्या लावल्या. सप्टेंबरच्या सत्रात स्टॅटिस्टिक्स आणि बिझनेस लॉ, सहा क्रेडिट. जानेवारीच्या सत्रात कॅल्क्युलस आणि साहित्य, सात. गणिताचे दोन विषय एका सत्रात आणायचे नाहीत, हा माझा हट्ट होता, आणि आकड्यांनीही त्याला साथ दिली.

एच-फोरवर असलेल्या बहिणींना इथे वेगळं सांगायला हवं. त्या व्हिसावर शिकता येतं, पण पेल ग्रँटसारखी फेडरल मदत मिळत नाही. तेव्हा हिशेब बराच उलटतो. कॉलेज मान्य करत असेल तेवढे विषय सीएलईपीने किंवा एसीईवाल्या कोर्सने उरकणं त्यांच्यासाठी खरोखर फायद्याचं ठरू शकतं. वहिनींची योजना जशीच्या तशी कुणी उचलू नये.

मुंबईच्या दोन वर्षांचं काय, हा प्रश्न होताच. एफ.वाय. बी.कॉम.चा 'मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स' हा पेपर काही हलका नव्हे. त्यात संभाव्यता आहे, सहसंबंध आणि समाश्रयण आहे, अवकलन आणि त्याचे अर्थशास्त्रातले उपयोग आहेत. त्याचं मूल्यांकन करून घ्यायचं तर विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट मागवायचं, ते बंद लिफाफ्यात किंवा थेट मूल्यांकन संस्थेकडे पोचवायचं, विषयवार मूल्यांकनाची फी भरायची, आणि इतकं करून कॉलेज त्याला नुसतं 'ऐच्छिक' म्हणण्याची शक्यता. वहिनींच्या तक्त्यात ऐच्छिक विषयाला जागाच नव्हती. आम्ही ते बाजूला ठेवलं. ज्यांचे अजून वीस-तीस क्रेडिट बाकी आहेत, त्यांनी मात्र हे सगळ्यात आधी करावं.

दोन सत्रं

स्टॅटिस्टिक्सचा वर्ग ऑनलाइन, आपापल्या वेळेनुसार व्हिडिओ बघण्याचा. पुस्तक ओपनस्टॅक्सचं, म्हणून खर्च शून्य. परीक्षा मात्र वेबकॅम लावून, ठरलेल्या वेळी. नोंदणीपूर्वीच त्या वेळा विचारून घेतल्या आणि दुकानात शिफ्ट बदलून मागितली. 'ऑनलाइन' लिहिलंय म्हणून सगळं आपल्या सोयीनं असेल, असं समजून अनेक जण फसतात.

वहिनींना वाटलं होतं की हा विषय सोपा जाईल, आणि आकडेमोड गेलीही. अडलं उत्तर लिहिण्यावर. प्रमाण विचलन सॉफ्टवेअर काढून देतं, गुण असतात "या निष्कर्षाचा अर्थ काय, आणि काय नाही" हे दोन वाक्यांत मांडण्याला. पी-मूल्य ०.०३ आलं, तर 'गृहीतक खोटं असण्याची शक्यता ९७ टक्के' असं लिहिलं की गुण गेले. पहिल्या दोन चाचण्यांत त्या याच जागी मागे पडल्या. मग रोज एक उदाहरण घेऊन त्याचा निष्कर्ष त्या आधी मराठीत मुलीला सांगायच्या आणि मग इंग्रजीत लिहायच्या. मुलीला पटलं नाही तर पुन्हा. डिसेंबरात 'ए' मिळाला.

कॅल्क्युलससाठी दोन वर्ग उपलब्ध होते: सात आठवड्यांचा झपाट्याचा, आणि पंधरा आठवड्यांचा, आठवड्यातून दोन संध्याकाळी झूमवर. वहिनींचा ओढा सात आठवड्यांकडे होता. मी ठामपणे नाही म्हटलं. नोकरी आणि घर सांभाळून चार क्रेडिटचं कॅल्क्युलस सात आठवड्यांत करायचं तर एका आजारपणात वर्ग बुडतो, आणि तो सोडून द्यावा लागला की 'डब्ल्यू', म्हणजे 'विषय सोडला' असा शेरा, लागतो. घेतलेल्या क्रेडिटपैकी पुरे केलेल्यांचं प्रमाण घसरलं की पुढची मदतही धोक्यात येते. फेब्रुवारीत धाकट्याला फ्लू झाला आणि वहिनींचा जवळजवळ दीड आठवडा गेला. पंधरा आठवड्यांच्या वर्गात तो भरून निघाला.

सीमांत खर्च, कमाल नफा, मागणीची लवचिकता, हे अवकलनाचे उपयोग त्यांनी एफ.वाय.ला केले होते आणि ते चटकन परत आले. साखळी नियमात लॉगॅरिदम आला तेव्हा मे महिन्यातल्या संध्याकाळी कामी आल्या. समाकलन घाईत झालं, शेवटच्या परीक्षेत तिथेच गुण गेले. ग्रेड 'बी'. ट्रान्सफरला 'सी' पुरतो, पण अकाउंटिंगच्या प्रवेशात 'बी' चांगला दिसतो.

एकूण खिशातून गेलं ते असं: परीक्षा केंद्राचं शुल्क, जुना ग्राफिंग कॅल्क्युलेटर, कॅल्क्युलसचा ॲक्सेस कोड आणि किरकोळ शुल्क, मिळून अडीचशे डॉलरच्या आसपास. मूळ रस्त्याने ते ४,२०० आणि वर कोड झाले असते, एकेक विषय घेत तर कितीतरी जास्त सत्रं.

पदवी मात्र आपोआप मिळत नाही. ६० क्रेडिट पुरे झाले तरी पदवीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत सत्र संपायच्या बरीच आधी असते. वहिनींनी तो फेब्रुवारीतच भरला. चार दिवसांनी रजिस्ट्रारकडून शेरा आला की कॅल्क्युलसची पूर्वअट पुरी झाल्याचं दिसत नाही, कारण सीएलईपीचा निकाल ट्रान्सक्रिप्टवर चढलेलाच नव्हता. आधीच्या वर्षीची ती लेखी ईमेल पुढे पाठवली आणि आठवड्याभरात नोंद झाली.

न्यू जर्सीत २००७ च्या कायद्यामुळे काउंटी कॉलेजचा एए (असोसिएट इन आर्ट्स) किंवा एएस पूर्ण करून गेलेल्या विद्यार्थ्याची पदवी राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत पहिल्या दोन वर्षांच्या बरोबरीने धरली जाते. अपुरे ४७ क्रेडिट घेऊन गेलं तर एकेक विषय तपासला जातो. एएएस (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) या पदवीला मात्र हा कायदा लागू नाही, म्हणून प्रवेश घेतानाच नाव नीट वाचावं. वहिनींचे ६० च्या ६० क्रेडिट गेले, स्टॅटिस्टिक्स आणि कॅल्क्युलस दोन्ही अकाउंटिंगच्या अटीत बसले, आणि सप्टेंबरपासून त्या तिसऱ्या वर्षाला आहेत.